कार्डाचं जुनं कर्ज ‘मिटवून देणारं’ ॲप: पाचपैकी एक तारा

मी नाशिकला इन्कम टॅक्स आणि जीएसटीची कामं करते. वकील नाही, पण सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. ही सेवा माझ्या मावसभावाने घेतली, पैसे त्याचे गेले, कागद मी वाचले. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा कंपन्या बऱ्याच झाल्यात आणि सगळ्यांची जाहिरात एकाच साच्यातली: रिकव्हरीचे फोन बंद, कर्ज निम्म्यावर, टेन्शन आमचं.

भाऊ अंबड एमआयडीसीत सुपरवायझर. २०१३ मध्ये एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं. २०१५ मध्ये त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. जूनमध्ये शेवटचे पैसे भरले, ३८ हजार राहिले. काही महिने फोन आले, मग सगळं थंड. आणि गेल्या वर्षी अचानक एका वसुली एजन्सीचा फोन: २ लाख ६० हजार भरा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, वर दंड, वर जीएसटी. दहा वर्षांत आकडा असाच फुगतो. (राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे तिकडून आशा नाही.)

‘ताई, घरी पोलीस पाठवतो म्हणाला तो,’ असं भाऊ मला सांगत होता, तोवर ॲप घेऊन झालं होतं.

आता सेवेबद्दल. दरमहा ९९९ रुपये, ऑटोपेने. शिवाय तडजोड झाली की ‘वाचलेल्या रकमेच्या’ १५ टक्के. बँक १ लाख १० हजारांवर तयार होईल असा त्यांचा अंदाज. म्हणजे दीड लाख ‘वाचले’, त्याचे साडेबावीस हजार यांना. मुद्दल ३८ हजार होतं, हे त्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही. फी फुगलेल्या आकड्यावर काढायची, म्हणजे आकडा जितका फुगलेला तितकं यांचं भलं.

ॲपमधली मुलगी गोड बोलते, हे मान्य करते. मराठीत बोलते, भावाला ‘दादा’ म्हणते. फॉर्ममध्ये पगार विचारला, कार्डं किती ते विचारलं, बायको कमावते का तेही विचारलं. शेवटचे पैसे कधी भरले, हे मात्र विचारलं नाही.

आम्ही जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न हाच. भाऊ म्हणाला, जून २०१५. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मग दाव्याची मुदत २०१८ मध्येच संपली.’

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यात पैशाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत उलटून दावा आला, तर समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने तो फेटाळायचा असतो; कलम ३ तसंच सांगतं. दावा लवादाकडे नेला तरी मुदतीचा कायदा सुटत नाही. आणि कार्डाचे पैसे थकवणं हा फौजदारी गुन्हा नाही. फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्यासाठी पोलीस येत नाहीत, घरी नाहीत आणि कारखान्यातही नाहीत.

कोविडचा हिशेब मात्र नीट मांडा. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय. भावाची मुदत त्याआधीच संपलेली, त्याला फरक पडला नाही. पण माझ्याच एका अशिलाचं कार्ड नोव्हेंबर २०१९ मध्ये थकलं होतं आणि तो २०२२ च्या शेवटी ‘झाली तीन वर्षं’ म्हणून निर्धास्त होता. त्याची मुदत खरं तर २०२४ च्या दिवाळीच्या आसपास जाते.

इथे मी ॲपने पाठवलेला मसुदा पुन्हा उघडला. ‘आर्थिक अडचणीचं पत्र’ असं नाव. बँकेला उद्देशून, भावाच्या सहीने: मी आपल्या बँकेचे २,६०,००० रुपये देणे लागतो, परिस्थितीमुळे भरू शकलो नाही, तडजोडीची रक्कम हप्त्याने भरण्याची हमी देतो. खाली आधारवरून ई-सही. वकीलबाईंनी ते वाचून कागद उलटा करून ठेवला.

कारण असं. मुदत चालू असताना ‘देणे लागतो’ असं सहीनिशी लिहून दिलंत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, मुदतीच्या कायद्याचं कलम १८. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने ती परत येत नाही. पण ‘भरीन’ असं लेखी सहीचं वचन दिलंत, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(३) खाली तो नवा करारच धरता येतो आणि त्यावर दावा लावता येतो. म्हणजे जी थकबाकी कोर्टात उभी राहू शकत नव्हती, तिला नवे पाय देणारं पत्र, आणि त्याची मसुदा-फी ९९९ मध्ये समाविष्ट.

हे त्यांनी मुद्दाम केलं की अडाणीपणाने, मला सांगता येणार नाही. सगळ्या ग्राहकांना एकच मसुदा जात असणार. ज्याचं कर्ज गेल्या वर्षीचं आहे, त्याचं त्या पत्राने कदाचित भलंही होईल. माझी तक्रार एवढीच की तारीख विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि ती विचारली तर बरेच ग्राहक हातातून जातील. तडजोड झाली तरच कमाई, असा धंदा ‘तुम्हाला तडजोडीची गरज नाही’ हे सांगायला का जाईल?

वकीलबाईंची फी दीड हजार. त्यांना पाच तारे, बाहेरच्या बाकावर दुपारभर बसवलं तरीही.

फोन बंद करणं हे ॲपचं दुसरं आश्वासन. ते फुकट होतं. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांपुढे अब्रू काढायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये लेखी सांगितलंय. एजन्सीवाल्यांनी भावाच्या मेहुणीला फोन केला होता. आम्ही कॉल लॉग आणि मेसेज जोडून आधी बँकेकडे लेखी तक्रार केली, कारण ती पायरी टाळता येत नाही. तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली सीएमएस या तक्रारीच्या पोर्टलवर जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. लोकपालाकडे अर्ज गेल्यावर बँकेचं दिलगिरीचं पत्र आलं आणि एजन्सीचे फोन थांबले. कर्ज मुदतबाह्य आहे की नाही यावर लोकपालाने काही म्हटलं नाही. ते न्यायालयाचं काम. चार तारे.

मध्येच व्हॉट्सॲपवर लोकअदालतीची नोटीस आली आणि भाऊ पुन्हा घाबरला. लोकअदालत दावापूर्व प्रकरणंही घेते, पण तिथे दोघांच्या संमतीशिवाय काही ठरत नाही आणि गेलं नाही म्हणून शिक्षा नाही. गेलात तर मात्र हे ध्यानात ठेवा: तिथे सही केलेल्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नाही. न्यायालयाचं खरं समन्स आलं, तर ‘मुदत संपलीय’ म्हणून घरी बसू नका. हजर राहून लेखी म्हणणं द्या. एकतर्फी हुकूमनामा झाला, तर त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत करता येते.

एवढं झाल्यावर भाऊ म्हणाला, ‘म्हणजे ताई, कर्ज बुडालं?’ नाही. मुदत संपली की बँकेचा कोर्टाचा रस्ता बंद होतो, देणं शिल्लकच राहतं. सर्वोच्च न्यायालय हे जुन्या काळापासून सांगत आलंय, आणि १९९२ च्या एका निकालात बँकेने आपल्या हाती असलेली ठेव अशा मुदतबाह्य कर्जात वळती केली ती वैध धरली. म्हणून त्याच बँकेत पगाराचं खातं किंवा एफडी असेल तर हलवा. भावाचं जुनं बचत खातं तिथेच होतं, हे ॲपला माहीत असून त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

मग राहतो सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी संस्था. ‘राइट-ऑफ’ची, म्हणजे बँकेने बुडीत धरलेल्या कर्जाची, नोंद किमान सात वर्षं ठेवतात, आणि नोंद दिसतेय तोवर गृहकर्ज देणारा अधिकारी ना-देय पत्र मागतोच. भावाला सातपूरला फ्लॅट घ्यायचाय. शिवाय त्याने कार्ड वापरलं होतं, फ्रिज आणि मुलीच्या शाळेची फी त्यातूनच गेली, ते तो नाकारत नाही. मला विचाराल तर मुद्दल फेडावं, पण आपल्या अटीवर. त्याने थेट बँकेशी बोलणी लावलीत: आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, ‘संपूर्ण व अंतिम’ हे शब्द आणि सिबिलला काय कळवणार ते लिहून द्या, मग एकरकमी पैसे, तेही कार्डखात्यातच. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. हप्ते नाहीत आणि हमीपत्रही नाही. सिबिलला ‘सेटल्ड’ (कमी पैशांत मिटवलं) नव्हे, ‘क्लोज्ड’ (खातं बंद) कळवा, हा आमचा आग्रह आहे. बँक ४५ हजारांपर्यंत खाली आलीय, शब्दांवर घासाघीस चालू आहे. यात ॲपचा हात नाही.

ॲपला एक तारा का, तर शून्य देता येत नाही म्हणून. सेवा सोडणार असाल तर त्यांच्या ‘रद्द करा’ बटणावर विसंबू नका, ते दाबल्यावर आणखी एक महिन्याचे ९९९ गेले. आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचा मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) तिथून बंद करा, आणि आपल्या वतीने बोलायला ॲपला अधिकारपत्र दिलं असेल तर ते मागे घेतल्याची ईमेल बँकेलाही पाठवा.