साधं पेट्रोल की प्रीमियम?

पंपावर "साधं की प्रीमियम?" असं विचारलं जातं तेव्हा मागचा रिक्षावाला हॉर्न दाबतच असतो, आणि घाईत महागडं भरलं जातं. साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं, प्रीमियम ९५ चं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे; दाबाखाली इंधन अवेळी पेटू न देण्याची क्षमता. टर्बो (हवा दाबून आत भरणाऱ्या) किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या (हवा-इंधनाचं मिश्रण जास्त दाबणाऱ्या) इंजिनाला ती उपयोगी पडते, विशेषतः भरल्या गाडीनं कात्रजचा घाट चढताना. साध्या इंजिनाला काय फरक? मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर साधंच भरा.

पटत नसेल तर मायलेज मोजा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, तो बरेचदा मालकाची खुशामत करतो. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल: ४२० किलोमीटर, २८ लिटर, म्हणजे लिटरला १५ किलोमीटर. दोन्ही इंधनांच्या निदान तीन-तीन टाक्या, रोजच्याच रस्त्यावर. एक टाकी हिंजवडीच्या कोंडीत आणि दुसरी द्रुतगती मार्गावर गेली, तर हिशेब फुकट. माझ्या टर्बो नसलेल्या गाडीत फरक पडला तो फक्त पाकिटाला.