प्रोटेस्टंट राहावं की कॅथलिक व्हावं? पाप, तारण आणि संस्कार यांची तुलना

कॅथलिक श्रद्धेकडे ओढ वाटू लागलेला प्रोटेस्टंट माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो तारणाचा, म्हणजे पापातून सुटका कशी होते याचा. ‘कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात ना? मग आपलं कसं जमणार?’ मी प्रोटेस्टंट घरातला, त्यामुळे माझीही सुरुवात इथूनच झाली. वाचत गेलो तसं माझं मत उलटं होत गेलं. तारणाच्या बाबतीत दोघांमधलं अंतर आपल्याला सांगितलं जातं त्यापेक्षा कमी आहे आणि संस्कारांच्या (बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा पवित्र विधींच्या) बाबतीत ते वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. निर्णय घ्यायचा असेल तर डोकं तिथे खपवावं.

त्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्या : तुम्ही कुठले प्रोटेस्टंट? १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी समोरासमोर बसले. श्रद्धेच्या १५ कलमांपैकी १४ जमली आणि गाडी अडली ती प्रभुभोजनावर. भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो की ती नुसती आठवण, यावर दोघं वेगळे झाले ते झालेच. म्हणून लूथरन किंवा अँग्लिकन माणसाला कॅथलिक चर्च शेजारच्या घरासारखं वाटतं, तर बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल माणसाला मधे नदी लागते.

पाप : ओढ म्हणजेच पाप का?

आदामाच्या पतनाने माणूस बिघडला आणि तो स्वतःच्या बळावर देवाकडे परतू शकत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. कृपेशिवाय माणूस पहिलं पाऊलही टाकू शकत नाही, असा निर्णय ऑरेंजच्या चर्चसभेने ५२९ सालीच दिला होता, म्हणजे लूथरच्या जवळजवळ हजार वर्षं आधी. खरा फरक पुढे आहे. बाप्तिस्म्याने आदिपाप (आदामापासून जन्मतःच आलेलं पाप) पुसलं जातं, मागे उरते ती वाईटाची ओढ. मनाने होकार दिल्याशिवाय ती ओढ पाप ठरत नाही, असं लूथरच्या चळवळीला उत्तर म्हणून भरलेल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये ठरवलं. लूथरच्या लेखी ती ओढच पाप होती. म्हणून त्याचा विश्वासणारा मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो.

ही शब्दांची कसरत वाटेल, पण रोजच्या जगण्यात ती जाणवते. समजा, कुणाची भरभराट पाहून तुमच्या मनात मत्सर उसळला आणि तुम्ही तो तिथल्या तिथे झटकून टाकला. लूथरच्या वळणाचा पाळक म्हणेल, तो उसळला यासाठीही क्षमा माग. कॅथलिक धर्मगुरू म्हणेल, तो मोह होता आणि तू तो परतवलास. यात कबूल करण्यासारखं काही नाही.

उलट, जिथे होकार दिला जातो तिथे कॅथलिक शिकवण जास्त कडक आहे. गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती या तिन्ही गोष्टी जुळल्या की ते प्राणघातक पाप. त्याने कृपेचं जीवन संपतं. बाकीची पापं हलकी. ती नातं दुखावतात, तोडत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मरणास कारण होणारं पाप आणि तसं नसलेलं पाप असा भेद आहे, त्याचा आधार इथे दिला जातो. कॅल्व्हिनच्या (रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या) परंपरेत खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतोच. मात्र लूथरन आणि मेथडिस्टसुद्धा माणूस कृपेतून पडू शकतो असं मानतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

तारण : निकाल की उपचार?

ट्रेंटचा १५४७ चा ठराव मी पहिल्यांदा वाचला तो चुका काढण्याच्या तयारीने. तिथे सरळ लिहिलेलं सापडलं की नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, विश्वास असो वा कर्म, ती कृपा कमावू शकत नाही. म्हणजे ‘कर्मांनी तारण विकत घेतात’ हा आरोप निदान कागदावर तरी टिकत नाही.

वाद वेगळाच आहे. नीतिमान ठरणं म्हणजे नेमकं काय होतं? प्रोटेस्टंट उत्तर न्यायालयातलं आहे : ख्रिस्ताचं नीतिमत्त्व माझ्या खात्यावर जमा झालं आणि मी निर्दोष सुटलो. पावित्र्यात वाढणं त्यानंतर येतं, ते फळ आहे. कॅथलिक उत्तर दवाखान्यातलं आहे : देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला आतून तसं करतोही, आणि क्षमा व नूतनीकरण ही एकाच कृपेची कामं आहेत. म्हणून तिथे तारण वाढू शकतं, गमावता येतं, परत मिळू शकतं. शुद्धिस्थानाची, म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेची, शिकवणही यातूनच निघते. उपचार मरेपर्यंत अर्धवट राहिले तर ते पुरे व्हायला हवेत, इतका साधा त्यामागचा तर्क आहे. तुम्हाला न्यायालयाचं चित्र पटत असेल तर शुद्धिस्थानाची गरजच उरत नाही.

वचनांची लढाई दोन्हीकडून होते. रोमकरांस पत्राच्या ३:२८ मध्ये लूथरने जर्मन भाषांतरात ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द ज्या एका ठिकाणी येतात ते याकोब २:२४, आणि तिथे ते नकारार्थी आहेत. पण पौलाचा रोख पाहता लूथरने अर्थ वाकवला असंही मला म्हणवत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मुख्य गाभ्यावर सहमती झाली.

एक तोटा मात्र लपवू नये. ‘मी आज मेलो तर प्रभूकडेच जाणार’ ही खात्री ज्याच्या हाडामासात भिनली आहे, त्याला कॅथलिक घरात ती तशी मिळणार नाही. तिथे भक्कम आशा मिळते. शेवटपर्यंत टिकण्याची निःसंशय खात्री खास प्रकटीकरणाशिवाय कुणालाही नसते, हीसुद्धा ट्रेंटचीच शिकवण आहे.

संस्कार : इथे खरी फारकत

बाप्तिस्म्याचा प्रश्न सोपा आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल, तर कॅथलिक चर्च तो मान्य करतं आणि पुन्हा देत नाही. दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा विधी), गुरुदीक्षा, विवाह आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग यांना बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या विधी म्हणून मान देतात, संस्कार म्हणून नाही. त्यावरून कुणाची झोप उडाल्याचं मी पाहिलेलं नाही.

झोप उडवतात ते उरलेले दोन, ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजन) आणि कन्फेशन. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षरस दिसायला तेच राहतात, पण त्यांचं तत्त्व बदलून ते ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतं. योहानाच्या सहाव्या अध्यायावर ही श्रद्धा उभी आहे. मिस्सा हा यज्ञही आहे, आणि आपल्याला खटकतं ते हेच, कारण इब्री लोकांस पत्र म्हणतं की अर्पण एकदाच झालं. कॅथलिक उत्तर असं की ते अर्पण पुन्हा केलं जात नाही, तेच वेदीवर उपस्थित होतं. उत्तर सुसंगत आहे. पटणं न पटणं तुमच्यावर.

आणि दुसरा, कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूसमोर पापं कबूल करणं. ‘देवाला सरळ सांगता येतं, मधे माणूस कशाला?’ हे वाक्य मी स्वतः कितीदा फेकलं असेल! प्रामाणिकपणे सांगतो, सरळ सांगताना मी बहुधा ‘प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ या एका पोत्यात सगळं कोंबून मोकळा होतो. धर्मगुरूसमोर गंभीर पापं नावानिशी आणि किती वेळा केली ते सांगावी लागतात. योहान २०:२३ मध्ये पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो, त्याचा सरळ अर्थ कॅथलिक बाजूने जास्त जातो असं मला वाटतं. पण या संस्काराची दुसरी बाजूही आहे. लूथर मठात असताना आपला वरिष्ठ स्टाउपिट्झ याच्यासमोर तासन्‌तास पापं सांगत बसायचा आणि तरी त्याला शांती मिळेना. स्वतःला कुरतडत राहणाऱ्या स्वभावाला हा संस्कार औषध ठरेल की जखम, हे आधी ओळखायला हवं.

तुमची ओढ एवढ्याच संस्काराची असेल, तर घर बदलण्याची गरजही नसेल. खासगी पापनिवेदन आणि क्षमेची घोषणा ठेवावी असं लूथरनांचा १५३० चा आउग्सबुर्ग विश्वासांगीकारच सांगतो. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत ती घोषणा आहे.

कारण कॅथलिक चर्चमध्ये निवडून घेण्याची सोय नाही. ख्रिस्तप्रसाद पटला म्हणून गेलात, तर मरियेविषयीचे १८५४ चा (ती आदिपापाविना गर्भात आली) आणि १९५० चा (ती देहासह स्वर्गात घेतली गेली) असे दोन सिद्धांत आणि पोपच्या अचूकतेचा १८७० चा निर्णयही सोबत येतो. चर्च जे जे देवाने प्रकट केलं म्हणून शिकवतं ते सर्व मी मानतो, असं तिथे सर्वांसमोर म्हणावं लागतं. ते ‘सर्व’ तोंडातून निघेल का, हे एकेका मुद्द्यावर खल करण्याआधी तपासा.

व्यवहारातल्या दोन गोष्टी. प्रवेश होईपर्यंत मिस्साला जरूर जा, पण ख्रिस्तप्रसाद घेऊ नका. एरवी तो प्रोटेस्टंटांना दिला जात नाही. आणि तुमचा किंवा जोडीदाराचा आधी घटस्फोट झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत धर्मगुरूला सांगा, कारण आधीच्या विवाहाची चौकशी चर्चच्या न्यायमंडळाकडे जाऊ शकते आणि तिला वेळ लागतो.

बाप्तिस्मा झालेल्या माणसाला आत जाताना दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद यांच्याआधी कन्फेशन करावं लागतं. त्या पहिल्या खेपेला बाप्तिस्म्यापासून आजवरची सगळी गंभीर पापं आठवून सांगायची असतात. चाळिशीत गेलात, तर वही घेऊन बसावं लागेल.