प्रागला जाताय? रस्त्यावर युरो बदलून देणाऱ्यांपासून सांभाळा, बाबांचे 200 युरो असे गेले

युरोप टूरमध्ये हल्ली बरेच जण प्राग घालतात, आणि जाणाऱ्यातल्या निम्म्याअधिक लोकांना वाटतं की शेंगेन व्हिसा चालतो म्हणजे युरो पण चालणार. तसं नाहीये. चेक रिपब्लिक 2004 ला युरोपियन युनियनमध्ये आलं, 2007 च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे, पण चलन अजून त्यांचं स्वतःचंच, चेक क्राउन. जुन्या शहराच्या चौकातली काही दुकानं युरो घेतात पण भाव ते सांगतील तो. त्यामुळे होतं काय, की बाहेरून आलेला माणूस खिशात युरो घेऊन असतो आणि ज्या नोटा त्याने जन्मात कधी बघितलेल्या नाहीत त्या घ्यायला निघालेला असतो, आणि तिथल्या भामट्यांचं सगळं दुकान याच एका गोष्टीवर चालतं.

आम्ही ड्रेस्डेनला राहतो, तिथून प्राग ट्रेनने अडीच तासांवर, म्हणून आई-बाबा नाशिकहून आले तेव्हा त्यांना घेऊन गेलो. बाबांबद्दल एक सांगते कारण ते महत्त्वाचं आहे. बाबांनी सहकारी बँकेत आयुष्यभर कॅशियरचं काम केलंय, खोटी नोट त्यांच्या हाताला लागली की बोटांनाच कळते, भाजीवाल्याने दिलेली दहाची नोटसुद्धा ते उजेडात धरून बघतात. तेव्हा "म्हातारे लोक भोळे असतात, फसतातच" असं कुणी म्हणणार असेल तर कृपया म्हणू नका. फसवणाऱ्याने फसवलंय, त्यात बाबांचा काडीचाही दोष नाही.

जुन्या शहराच्या चौकात ते प्रसिद्ध घड्याळ आहे ना, ऑर्लॉय, 1410 सालचं, दर तासाला वर खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, बाजूला सांगाडा घंटा वाजवतो. बघण्यासारखं आहेच, पण तासाच्या ठोक्याला तिथे सगळ्या माना वर आणि सगळे मोबाईल हवेत, तेव्हा बॅग पोटाशी धरा, पाकीटमार त्याच मिनिटाची वाट बघत असतात. तर नवरा मुलाला घेऊन घड्याळासमोर थांबला, मी आणि आई टॉयलेटच्या लाइनमध्ये, आणि बाबा म्हणाले मी तेवढ्यात पैसे बदलून ठेवतो.

एक्स्चेंजचं ऑफिस समोरच होतं, काचेचं, पाटी वगैरे सगळं नीट. बाबा बाहेरचा बोर्ड वाचत उभे होते तर दारापाशीच एक माणूस आला, चांगले कपडे, हळू आवाजात बोलणारा, इंग्लिश बरं. म्हणे आत जाऊ नका, आत कमिशन कापतात, मला जर्मनीला जायचंय म्हणून मला युरो हवेत, मी तुम्हाला एका युरोला पूर्ण 25 क्राउन देतो. आणि मोबाईलवर त्या दिवसाचा रेट काढून दाखवला, तिथे 24 च्या वर काहीतरी होता, म्हणजे खरोखर बाजारभावापेक्षा थोडा जास्तच देत होता. बाबा विचार करत होते तेवढ्यात पाठीवर सॅक लावलेला एक टुरिस्टसारखा दिसणारा मुलगा आला, त्याने त्याच माणसाकडून पन्नास युरो बदलून घेतले, थँक्यू म्हणाला आणि गेला. तोही त्यांचाच माणूस, हे नंतर पोलिसांनी सांगितलं.

बाबांनी 200 युरो दिले. त्याने 5000 दिले, 2000 च्या दोन नोटा आणि 1000 ची एक. बाबांनी मोजल्या, उजेडात धरल्या, वॉटरमार्क बघितला, धागा बघितला, बोट फिरवून छपाई बघितली. सगळं बरोबर! कारण त्या नोटा खोट्या नव्हत्याच, शंभर टक्के खऱ्या होत्या, फक्त चेक नव्हत्या, हंगेरीच्या होत्या. फोरिंट. आणि एका युरोला फोरिंट मिळतात चारशेच्या आसपास, म्हणजे बाबांच्या हातात जे 5000 होते त्याची किंमत जेमतेम साडेबारा-तेरा युरो. आकडा बरोबर, नोट खरी, मोजणी बरोबर, चाळीस वर्षं कॅशवर बसलेल्या माणसाने जे जे तपासायचं ते सगळं तपासलं, आणि तरी 187 युरो गेले. मला अजूनही तो माणूस आठवला की संताप होतो, कारण जाताना त्याने बाबांना नमस्ते केलं होतं.

आम्हाला कळलं ते तासाभराने, चार्ल्स ब्रिज ओलांडून माला स्त्राना भागात कॉफी प्यायला बसलो तेव्हा. बाबांनी कौतुकाने सांगितलं, "अगं, आतल्यापेक्षा चांगला भाव मिळाला मला," आणि 1000 ची नोट ठेवली. वेट्रेसने नोट उचललीच नाही, नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाली, फोरिंट. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की हे ती रोज बघते.

तर नोटा कशा ओळखायच्या ते नीट वाचा, आणि जायच्या आधी घरीच नेटवर फोटो बघून ठेवा. चेक नोटेवर 'चेस्का नारोद्नी बांका' असं लिहिलेलं असतं आणि 'कोरुन' हा शब्द असतो. हंगेरीच्या नोटेवर 'मज्यार नेम्झेती बांक' आणि ढळढळीत 'फोरिंट'. चेक 2000 च्या नोटेवर बाईचा चेहरा आहे, एमा डेस्टिनोव्हा, ऑपेरा गायिका. 500 वर पण बाई, लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा. 100 वर चौथा चार्ल्स राजा, ज्याने 1357 मध्ये चार्ल्स ब्रिज बांधायला घेतला. 1000 वर इतिहासकार पालात्स्की. बाबांना मिळालेल्या 2000 वर दाढीवाला पुरुष होता, तो हंगेरीच्या इतिहासातला. म्हणजे 2000 ची नोट हातात आली आणि त्यावर बाई नसेल तर घेऊच नका, तिथेच परत द्या. याच प्रकारात पूर्वी बेलारूसचे जुने रुबल पण खपवायचे, त्या देशाने 2016 ला नोटा बदलल्या आणि जुने दहा हजार म्हणजे नवा एक असं केलं, त्यामुळे त्या जुन्या नोटा म्हणजे आता निव्वळ कागद.

आणि मुळात रस्त्यावर कुणीही पैसे बदलून देणं तिथे बेकायदेशीर आहे. माणूस कितीही सज्जन दिसो, भाव कितीही चांगला असो, पावती देणारं ऑफिस नसेल तर नाही म्हणायचं आणि चालायला लागायचं, बोलत थांबायचंसुद्धा नाही.

आता ऑफिसात गेलात म्हणजे सुटलात असंही नाही. '0% कमिशन' लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण भावच इतका वाईट लावतात की कमिशन घेतलेलं परवडलं. मात्र इथे कायदा तुमच्या बाजूने आहे आणि आपल्या लोकांना हे अजिबात माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय: 2019 च्या एप्रिलपासून नियम आहे की 1000 युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जायचं आणि व्यवहार रद्द करायला सांगायचं, कारण द्यावं लागत नाही, पैसे परत द्यावेच लागतात. यांच्यावर चेक नॅशनल बँकेची देखरेख असते. आमच्याच हॉटेलात नागपूरचं एक जोडपं होतं, त्यांना युरोला खूपच कमी क्राउन दिले होते, पावती होती. मी म्हटलं काका, तीन तास झालेत का? नव्हते झाले. लगेच गेले आणि काउंटरवरच्या बाईने एक शब्द न बोलता युरो परत दिले. म्हणजे त्यांना नियम पक्का ठाऊक असतो, फक्त तुम्हाला ठाऊक नसावा अशी इच्छा असते. पावती फेकू नका, एवढं लक्षात ठेवा.

एटीएमचं पण सांगते. टुरिस्ट भागात जिथेतिथे जी मशिन्स ठेवलीत ती बँकेची नसतात. पैसे काढताना विचारतात, तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का, आणि 'हो' चं बटण मोठं ठेवतात. नाही म्हणायचं. कायम क्राउनमध्येच काढायचं, नाहीतर मशीनवाला त्याचा भाव लावतो आणि तो भयंकर असतो. दुकानात कार्ड स्वाइप करताना पण तेच, क्राउन निवडा. खरं तर प्रागमध्ये रोख फारशी लागतच नाही, ट्राममध्ये पण मशीनवर कार्ड टेकवून तिकीट मिळतं.

चौकातल्या स्टॉलवर भाजलेलं हॅम मिळतं, नवऱ्याने घेतलं, बोर्डवरचा भाव 100 ग्रॅमचा असतो आणि ते कापतात भलामोठा तुकडा, मग बिल तिप्पट. आधी वजन सांगा, नाहीतर घेऊ नका.

हे सगळं कुठे होतं तर एका ठराविक पट्ट्यात. व्हाक्लाव्ह चौकाच्या खालच्या टोकापासून पावडर टॉवर, तिथून त्सेलेत्ना गल्लीने जुना चौक, पुढे कारलोव्हा गल्ली, चार्ल्स ब्रिज आणि पलीकडे किल्ल्याच्या चढापर्यंत. पावडर टॉवरपासून किल्ल्यापर्यंतचा हा जुना राजमार्ग, राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने जायची, आणि आता सगळे टुरिस्ट त्याच वाटेने जातात म्हणून सगळे भामटेही तिथेच. बघायचं तर आहेच, बघा, पण तिथे पैशांचा एकही व्यवहार करू नका. राहायला व्हिनोह्राडी घ्या, म्यूस्टेक स्टेशनपासून मेट्रोने दुसरं स्टेशन, झाडं, शांत रस्ते, दुकानात चेक लोकच दिसतात आणि कुणी अंगावर येत नाही. आई-बाबांना सगळ्यात आवडलं ते वीशेह्राड, नदीवरचा जुना किल्ला, तिकडे गर्दी कमी, आणि तिथल्या स्मशानभूमीत संगीतकार ड्वोर्झाकची समाधी आहे, 500 आणि 2000 च्या नोटेवरच्या त्या दोन्ही बायका पण तिथेच आहेत. बाबा दोघींचे दगड शोधून बघून आले.

कुणाच्या बाबतीत झालंच तर गप्प बसू नका. पोलिसांचा नंबर 158, किंवा 112. म्यूस्टेकजवळ युंगमान चौकात पोलीस स्टेशन आहे, परदेशी लोकांच्या तक्रारी घ्यायची तिथे सवय आहे, दुभाषा पण देतात. आमची तक्रार त्यांनी व्यवस्थित लिहून घेतली, बाबांना त्या माणसाचं वर्णन विचारलं, जागा आणि वेळ विचारली कारण चौकात कॅमेरे आहेत. पैसे मिळाले नाहीत, मिळतील असंही वाटत नाही. पण तक्रार द्यायला जाताना नोटा, वेळ, नेमकी जागा आणि जमलं तर त्या माणसाचा लांबून काढलेला फोटो एवढं सोबत असेल तर काम पटकन होतं. त्याच्या मागे धावू मात्र नका, ते एकटे नसतात.