पेढीसाठी काय घ्यावं: गूगल, मायक्रोसॉफ्ट की झोहो?

सांगलीच्या मार्केट यार्डात आठ-दहा माणसांची अडत पेढी आहे. मेल कुणाच्या तरी खासगी जीमेलवर येतात, शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या एक्सेलमध्ये निघतात, हिशेब टॅलीत असतो आणि फायली व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. मुलगा शिकून धंद्यात आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, हे सगळं एका ठिकाणी आणायचं तर कोणाचं पॅकेज घ्यायचं? हा आढावा अशा पेढीसाठी आहे. कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखाना किंवा विश्रामबागेतलं सीएचं ऑफिस यांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

ही तिन्ही पॅकेजेस क्लाउडवरची, म्हणजे फायली इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणारी. क्लाउड हवंच कशाला, असं सांगलीत तरी कुणी विचारू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ पाण्याखाली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं. माल वर हलवताना कॉम्प्युटर खालीच राहिला, अशी दुकानं कमी नव्हती. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर तो असून नसल्यासारखा.

आता मुद्द्यावर येऊ. पेढीचा जीव एक्सेलमध्ये अडकला असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन, दर, हमाली, तोलाई घातली की शेतकऱ्याची पट्टी आपोआप तयार होते, अशी एखादी मॅक्रोवाली (एक्सेलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असलेली) फाईल बहुतेक पेढ्यांत असते आणि ती दिवाणजींच्या हातात बसलेली असते. ते मॅक्रो ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालत नाहीत. गूगल शीट्समध्येही चालत नाहीत, तिथे ते नव्याने लिहून घ्यावे लागतात. नेमकी इथेच खरेदी चुकते, कारण सगळ्यात स्वस्त ‘बिझनेस बेसिक’ प्लॅनमध्ये वर्ड-एक्सेल फक्त ब्राउझरवर आणि मोबाइलवर मिळतात. कॉम्प्युटरवर टाकायचं एक्सेल हवं तर ‘बिझनेस स्टँडर्ड’ लागतो. पण सगळ्यांना तो घ्यायची गरज नाही. दिवाणजी आणि हिशेबनीस यांना स्टँडर्ड आणि बाकीच्यांना बेसिक, असे दोन्ही प्लॅन एकाच खात्यात चालतात. विकणारा सहसा हे आपणहून सांगत नाही, तेव्हा आपणच विचारावं. यार्डात नेट गेलं तरी कॉम्प्युटरवरचं एक्सेल चालू राहतं आणि नेट आलं की फाईल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, चढते, हा फायदा मला फार मोठा वाटतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या ऑफिसवर दिवस काढणाऱ्यांनाही आता ठरवणं भाग आहे.

गूगल वर्कस्पेस शिकवावं लागत नाही, हीच त्याची मोठी ताकद. जीमेल आणि ड्राइव्ह सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीपासून आहे. सौद्याच्या ठिकाणी उभ्या माणसाने लॉटचा दर शीटमध्ये टाकला की पेढीवर त्याच क्षणी दिसतो, आणि दोघांनी एकाच वेळी भरलं तरी गोंधळ होत नाही. हे मायक्रोसॉफ्टमध्येही होतं, पण गूगलवर ते जास्त सहज होतं. डॉक्समध्ये मराठीत बोलून टायपिंग होतं, तेही चांगलं. अडचण जुन्या मराठी कागदांची. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र डॉक्समध्ये उघडलं की अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट घातलेल्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये तेच पत्र नीट दिसतं. पतसंस्था किंवा सोसायटी असेल आणि वर्षानुवर्षांचे ठराव अशा फाँटमध्ये असतील, तर आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसेल अशा रूपात, करून घेण्याचा खर्च धरा.

झोहो चेन्नईची कंपनी, १९९६ मध्ये सुरू झालेली. डेटा सेंटर मुंबईत आणि चेन्नईत आहेत, आणि तिघांत खिशाला हलकं हेच. स्वतःच्या डोमेनचा मेल, म्हणजे पत्त्यात @ नंतर पेढीचं नाव असलेला, पाच जणांपर्यंत, माणशी ५ जीबी, फुकट मिळतो. मात्र फुकट प्लॅनचा मेल आउटलुकला (मायक्रोसॉफ्टच्या मेलच्या प्रोग्रॅमला) जोडता येत नाही, ब्राउझर किंवा त्यांचं अ‍ॅपच वापरावं लागतं. नवी फर्म काढताय, जुन्या फायलींचं ओझं नाही, तर मी बेलाशक झोहो सुचवेन. जीएसटीची बिलं त्यांच्याच झोहो बुक्समध्ये करता येतात. पण बँक आणि सीए यांच्याकडून दिवसभर जड एक्सेल फायली येणार असतील तर त्या तिथे उघडून, बदलून परत पाठवताना मांडणी हलण्याची शक्यता राहते.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सर्व्हर कुठे आहे हे बघावंच लागतं, कारण कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा असतो. भागीदारी पेढीला हा नियम लागू नाही.

काहीही घेतलंत तरी टॅलीचं एक सांभाळा. टॅलीचा चालू डेटा फोल्डर वनड्राइव्हमध्ये किंवा गूगल ड्राइव्हमध्ये सिंकला, म्हणजे बदल झाला की आपोआप क्लाउडवर जाण्याला, लावू नका. टॅली उघडी असताना सिंक त्याच फायली उचलायला जातं आणि डेटा बिघडू शकतो. डेटा कॉम्प्युटरवरच ठेवा, संध्याकाळी पेढी बंद करताना टॅली प्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून बॅकअप काढा आणि ती बॅकअप फाईल तेवढी क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाका, तारखेसह. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी फाईल उडाली की सगळीकडे उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, व्यवसायाच्या वनड्राइव्हमध्ये ९३ दिवस.

डोमेन आणि अ‍ॅडमिन खातं (ज्यातून बाकीची सगळी खाती चालतात ते) मालकाच्या नावावर, मालकाच्या मोबाइल नंबरवर असलं पाहिजे, आणि दुसरा अ‍ॅडमिन घरातला हवा. सेटअप करून देणारे बरेचजण स्वतःच्या नावावर नोंदणी करतात आणि नंतर पासवर्डसाठी पेढीने त्यांच्यामागे फिरायचं. बिलिंगमध्ये जीएसटी क्रमांकही पहिल्याच दिवशी भरा, म्हणजे इनपुट क्रेडिट मिळेल.

हळदीच्या पेढीने हा बदल फेब्रुवारी ते मे या आवकेच्या दिवसांत करू नये, मार्चअखेरीला तर नाहीच. जूनमध्ये करावा, म्हणजे नदी चढायच्या आत फायली वर गेलेल्या असतील. आधी दोन माणसांची खाती काढा, पंधरा दिवस खरी पट्टी त्यांच्याकडून काढून घ्या, आणि मगच बाकीच्यांची खाती घ्या.