हॉर्स चेस्टनटच्या कॅप्सूल आणि फुगलेल्या शिरा : काही महिन्यांच्या वापरानंतर

अनेक वर्षे वर्गात उभे राहून शिकवल्यामुळे माझ्या डाव्या पोटरीवरच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झाल्या आहेत. संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याभोवती सूज येणे आणि रात्री पोटरीत गोळे येणे या तिन्ही तक्रारी मला होत्या. डॉपलर तपासणीत (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) मांडीपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या मुख्य वरवरच्या शिरेतील झडपा नीट मिटत नसल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेची घाई नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांच्या संमतीने मी हॉर्स चेस्टनटच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या.

हे झाड मूळचे बाल्कन प्रदेशातले. त्याच्या बियांतील एसिन हे द्रव्य सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपण्याचे प्रमाण कमी करते, म्हणून सूज उतरते. खरेदी करताना पुडक्यावर केवळ ‘अर्क ३०० मिलिग्रॅम’ असे वाचून थांबू नये, त्यात एसिन किती आहे हे पाहावे. बहुतेक अभ्यासांत दिवसाला १०० ते १५० मिलिग्रॅम एसिन दिले गेले होते. मी प्रथम पाहिलेल्या एका पुडक्यावर हा आकडाच नव्हता, त्यामुळे ते परत ठेवले. कच्च्या बिया, साल किंवा पाने यांचा घरगुती काढा मात्र कोणीही करू नये, कारण त्यांत विषारी एस्क्युलिन असते आणि प्रमाणित अर्कातून ते काढून टाकलेले असते.

पहिल्या काही आठवड्यांत मला काहीच फरक जाणवला नाही, उलट रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळ व्हायची, ती जेवणानंतर घेऊ लागल्यावर थांबली. पुढे मात्र बदल स्पष्ट दिसू लागला. पूर्वी नडगीवर बोट दाबले की पडणारा खळगा बराच वेळ भरून येत नसे आणि मोज्याच्या काठाचा वळ झोपेपर्यंत तसाच राहत असे. आता खळगा जेमतेम पडतो आणि वळ तासाभरात विरतो. गोळे येणेही पुष्कळ कमी झाले आहे. फुगलेल्या शिरा मात्र जशा होत्या तशाच आहेत, आणि त्या नाहीशा होतील अशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे, कारण निकामी झालेली झडप कोणताही अर्क दुरुस्त करत नाही.

१९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर या अर्काने आणि दाब देणाऱ्या मोज्यांनी पायाची सूज जवळपास सारखीच उतरली होती. तरीही मी मोजे सोडले नाहीत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज चढण्याआधी, ते चढवायचे असतात. हे कष्टाचे काम आहे आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तर नकोसे होते, पण ज्या दिवशी ते घालत नाही त्या दिवशी कॅप्सूल घेऊनही संध्याकाळी पाय जड होतो. म्हणून माझ्या मते मुख्य भार मोजे आणि चालणे यांच्यावर असावा, अर्क हा त्यांच्या जोडीला.

संत्रावर्गीय फळांच्या सालीपासून बनवलेल्या डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांचाही पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता. त्या मी अद्याप घेतलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांविषयी मत देत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एकाच पोटरीत अचानक सूज, दुखणे आणि उष्णता जाणवली, तर ती आतल्या शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी घरी उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा तपकिरी पडू लागली, तरीही तपासणी पुढे ढकलू नये, कारण पुढे तिथेच न भरणारी जखम होण्याचा धोका असतो. माझी पुढची डॉपलर तपासणी पावसाळ्यानंतर आहे. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅप्सूल थांबवून केवळ मोज्यांवर पाय कसा राहतो, हे पाहणार आहे.