केळीच्या बागेतली पांढरी टोपी: ऑटो की डेलाइट?

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत भर दुपारी उभे राहिले की पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड सगळीकडे पसरलेला असतो, तरीही घड कापणाऱ्या माणसाची टोपी आपल्याला पांढरीच दिसते. कारण डोळ्यांतील तीन प्रकारच्या शंकूपेशी आणि मेंदू मिळून उजेडाचा रंग बराचसा वजा करतात. कॅमेऱ्यात हेच काम व्हाइट बॅलन्स ही सेटिंग करते. ती ऑटोवर ठेवून उजेडाचा रंग कॅमेऱ्यालाच ओळखू द्यावा, की डेलाइट, म्हणजे उन्हासाठीची सुमारे 5500 केल्विनची ठरलेली सेटिंग, कायम ठेवावी (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

ऑटो डोळ्याची नक्कल करू पाहतो, पण टोपी पांढरी असते हे त्याला ठाऊक नसते. चौकटीत पानेच पाने भरली की त्यांचा हिरवेपणा उजेडाचाच समजून तो किरमिजी छटा मिसळतो, आणि माझ्या अनेक फोटोंत त्यामुळे कोवळी पाने मरगळलेली व टोपी गुलाबीसर आली आहे. शिवाय दोन पावले सरकून पुन्हा टिपले की रंग बदललेला असतो. डेलाइटमध्ये टोपीवर हिरवी झाक उरते; ती खरोखरच तिथे असते, आपला डोळा ती झाकतो. मला हेच चित्र अधिक प्रामाणिक वाटते.

रात्रीच्या भरीत पार्टीत मात्र डेलाइट हरतो. सुमारे 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली तो भरीत, पुरी आणि कांद्याची पात सगळेच नारिंगी करून टाकतो, जे जेवणाऱ्या कुणालाही तसे दिसलेले नसते. ऑटो इथे डोळ्याच्या जवळ जातो. मी स्वतः 3500 केल्विन हाताने लावतो, म्हणजे पुरीवर ऊब राहते आणि पात हिरवी दिसते.