टिक्का टी३एक्स लाइट, .३०८: दोन सीझन वापरल्यावर

ही रायफल घेऊन दोन सीझन झाले, तीनशेच्या वर काडतुसं चालवलीत, आता लिहायला हरकत नाही. रायफल झकास आहे हे आधीच सांगून टाकतो. फिनलंडमध्ये साकोच्या कारखान्यात बनते, बोल्ट एका बोटाने मागेपुढे होतो, ट्रिगर साधारण १ ते २ किलोमध्ये सेट करता येतो आणि जराही न रेंगाळता कट्कन सुटतो. कागदाची पट्टी नळीखाली घातली तर न अडकता थेट मागपर्यंत सरकते, म्हणजे नळी दस्त्याला कुठे टेकत नाही. वजन स्कोप (नेम धरायची दुर्बीण) सोडून ३ किलोच्या आसपास, दिवसभर खांद्यावर जाणवत नाही, मात्र इतक्या हलक्या रायफलीला .३०८ सारखं जोरदार काडतूस म्हटल्यावर धक्का आलाच.

आता अॅक्युरसी, कारण सगळे तेच विचारतात. कंपनी तीन गोळ्यांना १ एमओएची हमी देते (एमओए हे कोनाचं माप, अंतर वाढलं की इंच वाढतात), म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंचाचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पसारा. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून माझा ०.८ इंच आला. पण तीन गोळ्यांच्या ग्रुपवर भाळू नका, मी नळी गार होऊ देत सावकाश दहा मारल्या तेव्हा १.४ आला, आणि हे कुठल्याही रायफलीचं असंच होतं, गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठाच दिसणार. शिकारीला खरी किंमत गार नळीतून जाणाऱ्या पहिल्या गोळीला आहे, आणि ती माझी दरवेळी जागच्या जागी बसली.

थोडा हिशोब करून बघा. हरणाचं काळीज-फुफ्फुस धरलं तर साधारण ८ इंचाचं वर्तुळ मिळतं. दीड एमओएची रायफल ३०० यार्डांवर साडेचार इंचात मारते, म्हणजे मध्यापासून सव्वादोन इंच इकडे-तिकडे. भरपूर जागा उरते! मग त्याच्यासाठी अर्ध्या एमओएची महागडी नळी कशाला हवी?

गडबड होते ती आपल्या हातात. ८ इंची कागदी ताटली लावली आणि बेंच (पिशव्यांचं टेबल) सोडून जंगलात बसतो तसा बसलो, काठ्यांच्या आधाराने. २०० वर दहापैकी दहा आत. ३०० वर सहा. गुडघ्यावर बसून १५० ला कशाबशा आठ, आणि आधाराशिवाय उभ्याने १०० वर सात, ते पण दम लागलेला नसताना. रायफल तीच, काडतूस तेच, स्कोप तोच.

हे मी आधी केलं असतं तर पहिल्या सीझनमधला तो प्रकार झाला नसता. २८० यार्ड, गुडघ्यावर बसून बार काढला, बेंचवरचा ग्रुप डोक्यात होता ना. हरीण पाठ वाकवून हळूहळू झाडीत गेलं, तेव्हाच कळलं की गोळी मागे, पोटात लागली. रक्त थोडंच, गवतावर हिरवट चोथा. पाठीमागे लगेच धावलो असतो तर ते आणखी लांब गेलं असतं, म्हणून कित्येक तास थांबून मग माग काढला आणि अंधार पडता पडता ते सापडलं. त्या जनावराने इतके तास काय सोसलं असेल हे अजून मनातून जात नाही.

वाऱ्याचं पण तेच. १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २०० ला झिरो केली, म्हणजे स्कोप २०० वर नेमका बसेल असा लावला, तर ३०० वर साधारण ९ इंच खाली बसते आणि ४०० वर दोन फुटांच्या पुढे, पण ते रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि गोळी किती खाली येते त्याच्या तक्त्यावरून कळतं तरी. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० वर तिला ७ इंच ढकलतो आणि तो वारा तुमच्याजवळ एक, जनावराजवळ दुसराच असतो. शिवाय ४०० ला पोचायला गोळीला जवळपास अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकलं तर फुफ्फुसाचं पोट झालं.

तेव्हा घ्यायची तर बिनधास्त घ्या, यात काही कमी पडणार नाही. स्कोपवर मध्यम खर्च करा आणि उरलेल्या पैशाची काडतुसं घ्या, त्यातली निम्मी बसून आणि गुडघ्यावर मारा, बेंचवर फक्त झिरो तपासायचा. मी दस्त्यावर पांढऱ्या टेपने माझी अंतरं लिहून ठेवलीत: उभ्याने ८०, गुडघ्यावर १२०, बसून काठ्यांवर २००. गेल्या महिन्यात सलग तीन वेळा २५० वर दहाच्या दहा ताटलीत गेल्या, तेव्हा शेवटचा आकडा खोडून २५० केला. उभ्याचा अजून ८०च आहे.